पडलेले फळ उचलायचे कोणी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हापूसच्या हंगामाच्या अखेरीस वाढणाऱ्या फळमाशीच्या उपद्रवाविषयी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात सविस्तर बातमी आली. विषय वेळेवर घेतलात, त्याबद्दल आभार. तक्रार आहे ती बातमीसोबतच्या छायाचित्राबद्दल. ते छायाचित्र फळमाशीचे नव्हे, चिलटांचे आहे. पिकलेल्या केळ्यांच्या फणीवर किंवा उघड्या राहिलेल्या आमरसाच्या पातेल्याभोवती जी तांबड्या डोळ्यांची, तिळाएवढी चिलटे घोंगावतात, त्यांनाही इंग्रजीत फळमाशी याच अर्थाचे नाव आहे आणि तिथूनच हा घोटाळा मराठीत शिरला असावा. एरवी एका छायाचित्रासाठी मी पत्र लिहिले नसते; परंतु या घोटाळ्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की, फळमाशी ही फळ घरात आल्यावर आणि ते जास्त पिकल्यावर लागणारी कीड आहे, तेव्हा फळे झाकून ठेवली आणि ओटा पुसून घेतला की काम झाले. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. चिलट नासलेल्या फळावर येते. फळमाशी झाडावरच्या चांगल्या फळावर येते आणि तिच्यामुळे ते नासते.

कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले. सासर राजापूर तालुक्यातले, तिथे धाकटे दीर घरची आंब्याची कलमे सांभाळतात. आणि मी राहते मुलुंडला, जिथे आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात एक पेरू, दोन देशी बदाम आणि कोणी तरी कोय टाकल्यामुळे उगवलेला एक रायवळ आंबा आहे. म्हणजे फळमाशीशी माझा संबंध दोन्हीकडून येतो, आणि दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसते, ती सांगण्यासाठी हे पत्र.

आधी माशीविषयी थोडे. खरी फळमाशी घरमाशीएवढी असते. अंग पिवळसर तपकिरी, पाठीवर दोन ठळक पिवळे पट्टे, कमर बारीक. उडताना पाहिली तर लहानशी गांधीलमाशीच वाटावी. आंबा, पेरू, चिकू, पपई या फळांवर येणाऱ्या जातींपैकी बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही मुख्य. तिच्या जोडीला बॅक्ट्रोसेरा झोनाटा आणि पेरूवर विशेष आढळणारी बॅक्ट्रोसेरा करेक्टा. कारले, दुधी, पडवळ, काकडी यांच्यावरची माशी निराळ्या जातीची. पावसाळ्यात बाजारात एका बाजूने आक्रसलेली, वाकडी झालेली कारली दिसतात, ती बहुधा तिच्याच डंखाची. मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखा अवयव असतो. तो सालीखाली खुपसून ती अंडी घालते आणि एकेक मादी आयुष्यात अशी शेकडो अंडी घालू शकते. फळ कोवळे आणि कडक असेपर्यंत तिला फारशी संधी नसते. ते पक्वतेकडे झुकू लागले की ती येते. दोन दिवसांत अंडी फुटतात, अळ्या गर खात आठवडा-दहा दिवस आत राहतात, तोवर फळ गळून पडते, आणि मग अळ्या फळातून बाहेर येऊन झाडाखालच्या मातीत बोटा-दोन बोटांच्या खोलीवर कोष करतात. मुंबईच्या किंवा कोकणच्या हवेत अंड्यापासून नवी माशी निघेपर्यंत साधारण तीन आठवडे पुरतात.

हे सगळे पुस्तकात आहे, पण ते डोळ्यांनी पाहिल्यावर जे समजते ते वेगळे. दोन वर्षांपूर्वी मेच्या शेवटच्या आठवड्यात दिरांनी पाठवलेली शेवटची पेटी अढीतून काढताना एका आंब्यावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसला. त्याच्याभोवती नखाएवढा भाग किंचित काळपट आणि दाबल्यावर मऊ लागत होता. बाकीचा आंबा देखणा, केशरी, वासाला उत्तम. तो कापला नाही. काचेच्या बरणीत तीन बोटे ओली वाळू घालून त्यावर तो ठेवला आणि तोंडाला मलमलचे फडके बांधले. तिसऱ्या दिवशी आंबा एका अंगाला बसला आणि सालीला भोक पाडून पिवळट पांढऱ्या अळ्या बाहेर येऊ लागल्या. ही अळी सरपटत जात नाही. ती डोके आणि शेपूट जुळवून अंगाचे कडे करते आणि स्प्रिंग सुटावी तशी टुणकन उडते. बरणीच्या काचेवर त्यांच्या आदळण्याचा टिक टिक असा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी वाळूवर एकही अळी दिसेना, तेव्हा मैत्रिणीने विचारले, ‘गेल्या कुठे?’ कुठेही गेल्या नव्हत्या. चमच्याने वाळू उकरली तर तांदळाच्या दाण्यासारखे तपकिरी कोष निघाले. नऊ दिवसांनी फडक्याच्या आतल्या बाजूला माश्या बसलेल्या होत्या. एका आंब्यातून एकवीस.

इथे एक खुलासा करणे भाग आहे. हापूस कापल्यावर आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा भाग निघाला की अनेक जण ‘किडका निघाला’ म्हणून आंबेवाल्याशी भांडतात. तो साका. त्याचा माशीशी काहीही संबंध नाही, तो फळाच्या वाढीतला आतला दोष आहे आणि बाहेरून दिसतही नाही. कोयीत भुंगा निघाला तर तो आणखी वेगळा कीटक. बागायतदाराला दोष द्यायचा असेल तर निदान योग्य दोष द्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता आपल्या बातमीतल्या उपायाकडे वळते. ‘बागेत कामगंध सापळे लावावेत’ असे त्यात एका ओळीत म्हटले आहे. माशीला वासाने ओढून मारणारा हा सापळा चांगलाच आहे, त्यामागचे विज्ञानही भक्कम आहे, आणि त्याचा उगम आपल्याच देशात झाला हे अनेकांना ठाऊक नसते. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत एफ. एम. हाउलेट नावाचे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या शेजारी राहणारी एक व्यक्ती डास पळवण्यासाठी सिट्रोनेला तेल वापरीत असे. डास पळत असतील किंवा नसतील, पण फळमाश्या मात्र तिच्याभोवती जमत. हाउलेट यांनी पाहिले तर त्या सगळ्या नर माश्या होत्या. १९१२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९१५ पर्यंत या ओढीमागचे मिथाइल युजेनॉल हे द्रव्य त्यांनी ओळखले. आजचे आंब्या-पेरूचे सापळे त्याच द्रव्यावर चालतात, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला ‘रक्षक’ सापळा कोकणातल्या बागायतदारांच्या चांगला परिचयाचा आहे. हेच द्रव्य आपल्या तुळशीतही असते. खात्री करायची असेल तर मे-जूनमध्ये तुळशीची मूठभर पाने चुरगाळून बाल्कनीत ठेवावीत. आमच्या चौथ्या मजल्यावर अर्ध्या तासात चार नर आले होते, आणि मुलुंडला फळमाशी कुठून येणार, असे म्हणणाऱ्या सचिवांना मी ते बोलावून दाखवले.

पण वर लिहिलेल्या गोष्टीतच सापळ्याची मर्यादा दडलेली आहे: त्यात येतात ते फक्त नर. डंख मारणारी मादी सापळ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. एक नर अनेक माद्यांशी संग करतो, त्यामुळे शंभरांतले साठ-सत्तर नर मेले तरी उरलेले पुरेसे असतात; परिसरातले जवळपास सगळे नर संपले तरच माद्यांची अंडी वांझ राहू लागतात. शिवाय ही माशी काही किलोमीटरही उडू शकते. तेव्हा एकाच बागायतदाराने आपल्या दोन एकरांत चार सापळे टांगले तर शेजारच्या बागांतले नर त्याच्याकडे येऊन मरतात, आणि शेजारच्या बागांतल्या फळलेल्या माद्या येऊन त्याच्या आंब्यांना डंख मारतात. आमच्या दिरांनी फोनवर वैतागून सांगितले होते, ‘वहिनी, सापळे माश्यांनी काठोकाठ भरले आणि तरी शेवटच्या तोडीचा निम्मा आंबा टाकायला लागला. मग सापळा कशाला लावला मी?’ त्यांना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. भरलेला सापळा हे यशाचे चिन्ह नसून परिसरात माशी किती आहे याचे मोजमाप आहे, हे मला आमच्या आवारातल्या पेरूने शिकवले.

त्या पेरूची हकीकत अशी. झाड जुने, पाण्याच्या टाकीमागे. पावसाळ्यात ते लदलदून येते आणि पावसाळी बहाराचा एकही पेरू अळीवाचून मिळत नाही. थंडीतला बहार मात्र बराचसा स्वच्छ निघतो, कारण तोवर माशी ओसरलेली असते. जुलैमध्ये झाडाखाली सडक्या पेरवांचा चिखल होतो, वास सुटतो, लहान मुलांच्या पायाला अळ्या लागतात. तीन वर्षांपूर्वीच्या सर्वसाधारण सभेत पेरू आणि दोन्ही बदाम तोडण्याच्या परवानगीसाठी अर्ज करावा, असा प्रस्ताव आला. त्याआधी कीटकनाशक मारणाऱ्या एका कंपनीचा माणूस बोलावून दोनदा धूर करून झाला होता. धुराने डास गेले. फळाच्या पोटातल्या अळीला आणि मातीतल्या कोषाला धूर पोहोचतच नाही, हे पैसे देण्यापूर्वी कोणी विचारले नव्हते. मी झाडे तोडण्याला विरोध केला आणि एक हंगाम मागून घेतला.

पहिल्या दिवशी झाडाच्या आळ्यातली ओंजळभर माती चाळून पाहिली. सतरा कोष निघाले. आमचे सफाई करणारे काका रोज सकाळी पडलेले पेरू मनापासून झाडून बुंध्याशी लोटत असत, ‘खत होतं झाडाला’ म्हणून. खत होत होतेच, पण त्याआधी त्यातून माश्यांची एक संपूर्ण पिढी बाहेर पडत होती, तीही त्याच झाडाच्या सावलीत, पुढच्या फळांपासून हाताच्या अंतरावर. संस्थेच्या खतखड्ड्याचीही तीच गत. महापालिकेने २०१७ पासून दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांना ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आपल्या आवारातच लावायला सांगितले. आमची संस्था तेवढी मोठी नाही, पण हौसेने खड्डा केलेला आहे. ढिगाच्या पोटात उष्णता इतकी असते की अळी जगत नाही. मात्र वरच्या थरात आणि कडेला ढीग गारच असतो, आणि किडकी फळे नेहमी वरच टाकली जातात. अळीला तेवढे पुरते.

त्या हंगामात आम्ही एवढेच केले की, पडलेले प्रत्येक फळ रोज संध्याकाळपूर्वी उचलले आणि घट्ट झाकणाच्या निळ्या पिंपात कोंडले. पिंप भरले की तीन आठवडे उघडायचे नाही. आत जे काही असेल ते आंबून मरते, आणि मग तो लगदा खुशाल खड्ड्यात घालावा. उन्हाळ्यात काळ्या प्लास्टिकच्या जाड पिशवीचे तोंड बांधून ती आठवडाभर कडक उन्हात ठेवली तरी चालते, पण जुलैच्या मुंबईत ऊन कुठले! झाडाखालची माती आठवड्यातून एकदा वरवर उकरून कोष उघडे केले. त्यांचा समाचार साळुंक्यांनी आणि मुंग्यांनी घेतला. झाडावरच्या हाताशी येणाऱ्या पेरवांना, ते लिंबाएवढे झाल्यावर, कागदी पिशव्या बांधल्या. आंब्याला हीच पिशवी फळ अंड्याएवढे झाल्यावर बांधतात आणि तिच्यासाठी वर्तमानपत्राचा कागद उत्तम चालतो. आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवण्या आमच्या पेरूवर दोन महिने निष्ठेने लटकत होत्या, हे आपल्याला कळवायला मला आनंद वाटतो.

पिशवीतले पेरू स्वच्छ निघाले. पिशवी नसलेल्यांपैकी आदल्या वर्षी सगळेच जात होते. त्या वर्षी दर तीनांतला एक तरी खाण्याजोगा मिळाला. लोकांना ते पुरेसे वाटले आणि झाडे तोडण्याचा प्रस्ताव मागे पडला. मला मात्र उरलेल्या दोन पेरवांनी स्वस्थ बसू दिले नाही. आमच्या आवारात एकही फळ जमिनीवर राहत नव्हते, मग माशी येत होती कुठून? उत्तर कुंपणाच्या भिंतीपलीकडे होते. शेजारच्या संस्थेच्या मोकळ्या जागेत तीन बदाम आणि एक मोठा जांब. त्यांच्या फळांचा कुजका थर पावलाखाली पचपचत होता. तिथून रस्ता ओलांडला की आणखी दोन बदाम.

या देशी बदामाविषयी मुद्दाम लिहिते, कारण मुंबईत रस्तोरस्ती, शाळांच्या पटांगणांत, संस्थांच्या दारांत हे झाड आहे आणि फळझाड म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. शाळकरी मुले दगडाने ठेचून आतली बी खातात, तेवढाच त्याचा उपयोग. परंतु त्याचा तांबडा-पिवळा मऊ गर फळमाशीला फार मानवतो. आंबा संपल्यावर आणि पेरू येण्यापूर्वी ती त्याच्यावर तग धरते. बदाम तोडावेत असे मी चुकूनही सुचवत नाही, उन्हाळ्यात इतकी दाट सावली देणारी झाडे या शहरात किती उरली आहेत? पण त्याच्याखाली पडणारे फळ हा पालापाचोळा नव्हे, ते माशीचे पेव आहे, हे झाडलोट करणाऱ्याला आणि करून घेणाऱ्याला माहीत हवे.

ज्यांना हा किरकोळ उद्योग वाटत असेल त्यांनी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचे उदाहरण पाहावे. तिथल्या रेडलँड्स या गावात हीच बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस सापडली, तेव्हा २०२४ च्या आरंभी राज्याच्या कृषी खात्याने २,००० हून अधिक घरांच्या परसांतील संत्र्यामोसंब्यांसारखी फळे झाडांवरून सरसकट उतरवून नेली. फळे चांगली होती की किडकी, हा प्रश्नच नव्हता. माशीला अंडी घालायला जागा उरू नये, एवढाच हेतू. त्यांच्याकडे ही माशी परकी आहे म्हणून ते असा घाव घालू शकतात. आपल्याकडे ती घरचीच आहे, पूर्ण नाहीशी होणार नाही, आणि मुंबईत कोणी घरोघर फिरून पेरू उतरवून न्यावेत असेही मला वाटत नाही. पण परसातले फळ हा फक्त त्या घराचा मामला नाही, ही समज त्या कारवाईच्या मुळाशी आहे आणि ती आपल्याकडे नाही.

माशीला बांध, कुंपण, सातबारा कळत नाही. म्हणूनच जगात जिथे जिथे तिच्यावर खरी मात झाली, तिथे ती एकेकट्या शेतकऱ्याने केलेली नाही. पॅसिफिक महासागरातल्या रोटा या जेमतेम ८५ चौरस किलोमीटरच्या बेटावर १९६० च्या दशकाच्या आरंभी मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून सगळ्या बेटावर टाकून ही माशी संपवली गेली. जपानच्या ओकिनावा बेटांवर वेलवर्गीय भाज्यांच्या माशीविरुद्ध प्रयोगशाळेत नपुंसक केलेले नर अफाट संख्येने सोडण्याचा कार्यक्रम वीस वर्षे चालला आणि १९९३ साली ती तिथून नाहीशी झाली. कोकण हे बेट नव्हे, तिथे असे निर्मूलन जमणार नाही, हे मान्य. परंतु एका गावातल्या सगळ्या बागांत एकाच आठवड्यात सापळे लागणे, त्यांतली मिथाइल युजेनॉलची वडी ठरल्या दिवशी सगळ्यांनी बदलणे आणि पडीचा आंबा सगळ्यांनी उचलणे, यासाठी विमान लागत नाही. आज सापळ्यांसाठी जे साहाय्य मिळते ते ज्याने अर्ज केला त्याला मिळते. ते वाडीला किंवा गावाला मिळून मिळाले तर त्याच पैशांत किती तरी अधिक काम होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि पडीच्या आंब्याचे काय होते, ते शहरातल्या वाचकाने डोळ्यांसमोर आणावे. मेच्या उत्तरार्धात वळवाचा पाऊस पडला की माशी एकदम वाढते, नेमकी तेव्हाच बागायतदाराची घाई असते. गडी नेपाळकडे परतायला निघालेले, पेट्यांचा भाव उतरलेला, उरलेला आंबा कॅनिंगला किलोवर घालायचा. अशा वेळी कलमाखाली पडलेला आंबा वेचायला मजुरी कोण देणार? तो तिथेच कुजतो. त्याहून वाईट अवस्था बांधावरच्या आणि डोंगरातल्या रायवळ झाडांची. त्यांच्यावर फवारणी नाही, त्यांचा आंबा कोणी पुरता उतरवत नाही, जून संपेपर्यंत त्यांच्याखाली सडा पडलेला असतो. कलमांवर हजारो रुपये खर्च करणारा बागायतदार आपल्याच बांधावरच्या रायवळाखाली पुढच्या हंगामाची माशी पोसत असतो. आमच्या घरीही हेच चालू होते. मागल्या वर्षीपासून दिरांनी शेजारच्या चार घरांना बरोबर घेऊन पडीचा आंबा दोन हात खोल खड्ड्यात पुरायला सुरुवात केली आहे. पाचवे घर मुंबईत असते, त्यांच्या बागेला कुलूप आहे.

निर्यातीच्या बाबतीत आपण हे सगळे एकदा महागात शिकलो आहोत. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी आढळल्यावर युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला आंबा आणि त्यासोबत कारले, पडवळ, वांगे व अळू यांची आयात थांबवली. ऐन हंगामात पेट्या मागे फिरल्या. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली, ती निर्यातीपूर्वीची तपासणी आणि प्रक्रिया कडक केल्यावर. आज युरोपला जाणारा आंबा सुमारे ४८ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात. जपानसाठी त्याला ४७.५ अंशांची वाफ २० मिनिटे देतात. अमेरिकेसाठी २००७ पासून ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रेचे विकिरण केले जाते, ज्यामुळे अळीतून पुढे माशी निर्माण होऊ शकत नाही. वाशीत यासाठी लागणाऱ्या सुविधा आहेत. त्याच वाशीच्या घाऊक बाजारातून मुंबईत येणाऱ्या पेटीला मात्र यातले काहीही होत नाही. ते व्हावे अशी माझी मागणी नाही, रोजच्या खाण्याचा आंबा त्यामुळे आणखी महागेल. मला एवढेच दाखवायचे आहे की, आपली सारी सावधगिरी बंदराच्या दारात उभी आहे आणि झाडाखाली कोणीही नाही.

मुलुंडची माशी राजापूरच्या कलमांवर जात नाही, हे मलाही कळते. तरीही मुंबईकराचा यात दुहेरी संबंध आहे. वसई, पालघर, डहाणू-घोलवडच्या वाड्या आणि चिकूच्या बागा शहरापासून फार लांब नाहीत. आणि ज्या बागांना मे संपताच कुलूप लागते, त्यांतल्या कित्येकांचे मालक लोकलने कामाला जाणारे आपल्यातलेच आहेत. अशा मालकांनी गावी फोन करून पडीचा आंबा उचलण्याची चार दिवसांची मजुरी पाठवली तरी शेजाऱ्यांवर मोठे उपकार होतील.

संपादक महोदय, आपल्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा आहे. एक म्हणजे, मे ते ऑगस्ट या काळात आपल्या शहर-पानावर हवामान आणि भरती-ओहोटीच्या चौकटीशेजारी कधी तरी दोन ओळी याही असाव्यात: पडलेले पेरू, जांब, बदाम, आंबे बुंध्याशी लोटू नका, कोंडा. गृहनिर्माण संस्थांचे सचिव वर्तमानपत्र वाचतात, माझ्यासारखीच्या परिपत्रकापेक्षा त्यावर त्यांचा विश्वास अधिक. दुसरी गोष्ट म्हणजे पुढच्या वेळी छायाचित्र बदलावे. पाठीवर दोन पिवळे पट्टे आणि पारदर्शक पंखांच्या कडेला बारीक गडद रेघ असलेली माशी दिसली, तर ती आमची.

शेजारच्या संस्थेच्या सचिवांना मी दोन वेळा भेटले. पहिल्या वेळी ते म्हणाले, ‘बाई, बदाम आम्ही लावलेले नाहीत, ते आपोआप आलेत.’ दुसऱ्या वेळी मी बरणी घेऊन गेले होते. येत्या रविवारी त्यांच्या समितीची बैठक आहे. निळे पिंप आमच्याकडचे देऊ, असे मी कळवले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
मुलुंड (पूर्व), मुंबई